मिठू एकदाच बोलला

आधीच सांगतो — भूत, करणी, अंगात येणं या विषयांवर आमच्या गल्लीत माझ्याशी कोणी बोलायचं नाही, कारण मी भांडायचो. आमचं घर बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव काढले ते काढलेच, आणि मी त्यांच्याहून दोन पावलं पुढे. दारात कोणी उताऱ्याचं लिंबू टाकलं तर सरबत करून पिणारा माणूस. तोच मी हे लिहितोय म्हटल्यावर घरचे हसताहेत. हसू देत.

गोष्ट आर्णीची, दोन हजार सालानंतरच्या त्या वाईट वर्षांतली. मी दारव्हा रोडवरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कारकून होतो. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यावर जायची, कास्तकार गाडीखालीच झोपायचे. भाव पडलेला, त्यात माल ओला म्हणून परत... सगळ्यांचीच डोकी तापलेली. आमची क्वार्टर कंपाउंडच्या आतच होती — मी, बायको रत्नमाला आणि मुलगा सुगत.

सुगत चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. एक शब्द नाही. रडला तरी आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं, कान ठणठणीत. "वाट पाहा," म्हणाले. रत्नमाला त्याच्यासमोर "आई म्हण, आई म्हण" करत बसायची आणि मग उठून भांडी आपटायची.

शेजारच्या शांताबाईंकडे उपाय तयार होता. "भाऊ, पोपटाचं उष्टं चारा पोराले. माह्या नंदेचा पोरगा असाच होता, आता चूप बसत नाही."

मी म्हणालो, "तुम्ही कोणाचं उष्टं खाल्लं होतं, शांताबाई?"

बरेच दिवस बोलल्या नाहीत.

पण पोपट आलाच. रांगेतल्या एका गाडीवानाला झाडाच्या ढोलीतून पडलेलं पिल्लू सापडलं होतं. त्यानं ते सुगतच्या हातात ठेवलं, आणि पोरगं काही सोडेना. (पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं.) अंगावर पिसं नाहीत, नुसती चोच आणि भूक. भिजवलेली चण्याची डाळ वाटून बोटानं भरवली. पिसं आल्यावर मिठूसाहेब चावरे निघाले, माझं बोट दोनदा फोडलं. सुगत मात्र हात न लावता पिंजऱ्याशी नुसता बसून राहायचा. हळूहळू मिठू त्याच्या खांद्यावर बसू लागला, मग डोक्यावर. पेरू दोघांत एकच — एक चावा याचा, एक त्याचा. म्हणजे उष्ट्याचा उपाय माझ्या नाकासमोर चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

बोलणं मात्र दोघांचंही बंद. मी रोज सकाळी "जय भीम, मिठू" शिकवायचो. तो मान वाकडी करून बघायचा, बस्स. जिनिंगमधले म्हणायचे, "बाबूच्या घरी दोन मुके." मी हसण्यावारी न्यायचो, पण लागायचं.

त्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली, मशीन बंद झाली, आणि रत्नमालेनं पाहिलं तर सुगत घरात नाही, अंगणात नाही. दुसऱ्याचं लेकरू हरवलं तर निदान आपलं नाव सांगतं, रडतं. आमचं काय करणार? बैलांचे पाय, रोडवरचे ट्रक... आणि कंपाउंडमधली विहीर. सगळे आधी विहिरीकडेच धावलो. गळ टाकला. वीसेक माणसं श्वास रोखून काठावर उभी.

पोरगं परत आलं की काय ते बघायला रत्नमाला घरी गेली होती, ती धावतच आली. "अवो, मिठू बोलला!"

माझा तोल गेला. "पोरगं सापडून नाही राह्यलं, अन् तुले पोपट सुचून राह्यला?"

"आयका त! 'बाबा, अंधार हाय' म्हणून राह्यला. एकसारखा. लहान लेकराच्या आवाजात. मले लय भेव वाटून राह्यलं."

भर दुपारी कुठला अंधार? मी काही बोलायच्या आत जिनिंगचे मिस्त्री वामनराव ताडकन वळले. "बाबू, सरकीच्या खोलीले आताच कुलूप लावलं आपन!"

कापसातून निघालेली सरकी वरच्या झडपेतून त्या खोलीत पडते. खिडकी नाही. सुट्टी संपली की मशीन सुरू होणार होती.

कुलूप काढलं. कोपऱ्यात, कमरेपर्यंत सरकीत रुतलेला सुगत. पापण्यांवर रुई. मी उचलला तेव्हा त्यानं माझी कॉलर जी धरली ती घरी येईपर्यंत सोडली नाही. आणि मी भर कंपाउंडमध्ये ढसाढसा रडलो.

घरी मिठू गप्प. त्यानंतर तो कधीच बोलला नाही.

मी पुष्कळ डोकं लावलं. "बाबा आले" असं रत्नमाला रोजच म्हणायची. शब्द मिठूनं उचलला असेल. लोडशेडिंगमुळे "अंधार" तर घरोघरी. नेमका तेव्हाच बोलला, हा योगायोग. इथपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर एकदा जेवताना सुगतनं ताट सरकवलं आणि म्हणाला, "मले वांगं नोको." आयुष्यातलं पहिलं वाक्य! मी ओरडलोच आनंदानं. रत्नमाला मात्र पांढरीफटक पडली. "अवो, हाच तो आवाज," ती म्हणाली. "मिठू याच आवाजात बोलला होता." शांताबाई आल्या आणि उष्ट्याचं श्रेय घेऊन गेल्या.

पोरगं चोरून पोपटाशी बोलत असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत आलो. पण त्या दुपारी हा कुलपात, तो पिंजऱ्यात, मध्ये अख्खं कंपाउंड.

आता सुगतचं दारव्ह्याला मोबाईलचं दुकान आहे आणि तोंडाची टकळी बंद होत नाही. मागे सहज विचारलं, "तुले ती सरकीची खोली आठवते काय रे?"

"आठवते न. घसा फाटेस्तोवर हाका मारल्या होत्या मी तुम्हाले. तुम्ही सारे भिंतीच्या पलीकडं विहिरीपाशीच होते, मले तुमचा आवाज येत होता. मंग माह्यी एकही हाक कोणाले कशी आयकू नाही आली, बाबा?"



"मशीनचा आवाज होता रे," मी म्हणालो.

मशीन बंद होती.