वाईच्या घाटावर सांगितलेलं नाव

तो तपास मनातून अजून गेलेला नाही. आमच्या भागातली कॉलेजं मुंबईच्या विद्यापीठातून निघून नव्या विद्यापीठाकडे आली, ते एकोणपन्नास साल. नव्या विद्यापीठाच्या पहिल्या परीक्षेची सगळीकडे चर्चा होती. मी साताऱ्यात फौजदार होतो.

खबर वाईहून आली. घाटावरच्या एका भटजींचा भाचा साताऱ्यात शिकत होता. वर्गातल्या एका हुशार माजी सैनिकाविषयी तो घरी बोलला. नाव-गाव ऐकून भटजी म्हणाले, "अरे, त्याचं तर पिंडदान मी केलंय."

वाईच्या पोलीस नाईकानं हे मला सांगितलं. "मेलेला माणूस बीएला बसतोय, साहेब. अन् आमचं जितं पोरगं मॅट्रिकला तीनदा आपटलं."

लढाईवरून परतलेल्यांना कॉलेजात फी माफ होती. त्यामुळे तोतयेगिरीचा संशय आला. चौकशीत शेजारी म्हणाले, माणसं भली आहेत. आई, मुलगा आणि सून एका खोलीत राहतात. तिघांनाही ठाण्यावर बोलावलं.

मुलगा शांत होता. पलटण, नंबर, ब्रह्मदेशातले मुक्काम, सगळं बिनचूक सांगितलं.

"वाईला पिंड कुणाचे दिले?"

"धाकट्या भावाचे. मुंबईत तापानं गेला."

"मग भटजींना नाव थोरल्याचं, म्हणजे तुझं, का सांगितलं?"

त्यानं आईकडे पाहिलं. दाराशी बसलेली म्हातारी बोलली.

"आवं साहेब, दुसऱ्याच्या नावानं दिल्यालं त्येला पोचलं असतं व्हय? कालिजाला फसवलं आमी. मेलेल्या लेकराला कसं फसवायचं?"

पुढचं सगळं तिनंच सांगितलं. गाव कवठे महांकाळकडचं. थोरला मॅट्रिक होऊन पलटणीत गेला, तेव्हा शेतासाठी धाकट्यानं शाळा सोडली. लढाई संपल्यावर थोरल्याला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि त्याच सुमारास तो वारला. धाकटा त्याच्या नावानं कॉलेजात गेला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दिवस वाईला केले. सोबत आलेली बाई त्या थोरल्याची विधवा होती. शेजाऱ्यांना संशय नको म्हणून ती दिराची बायको म्हणून राहत होती.

"परीक्षा हुईस्तोवर थांबा, साहेब," तो म्हणाला. "मग काय ती सजा द्या. पेपर मी माझ्या अकलेनं लिवणार हाय."

परीक्षेला बसणं हा आणखी एक गुन्हा झाला असता. मी त्याला अटक केली.

जबाब लिहिताना हवालदारानं बाईला विचारलं, "नवरा हयात?"

"हाय," ती सवयीनं म्हणाली.

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी 'मयत' लिहायला सांगितलं. बाईनं पदराच्या टोकानं कपाळावरचं कुंकू पुसलं. म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला पुढचा प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारला.

कोर्टात गुन्हा शाबीत झाला. वरिष्ठांनी तपासाची तारीफ केली.

माणूस सरकारशी सहज खोटं बोलतो, आपल्या मृतांशी मात्र नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढे अशा प्रत्येक तपासात मी आधी घरातल्या मयतांविषयी विचारत असे. ही पद्धत क्वचितच फसली. तिचा आनंद मात्र कधी झाला नाही.

शिक्षा भोगून तो गावी गेला. कॉलेजातला अभ्यास थोरल्याच्या नावावर होता, तो रद्द झाला. त्याच्या स्वतःच्या नावावर एवढी शिक्षाच राहिली.