महरझियाचे उघडे डोळे

ट्युनिशियातल्या नाबेलमध्ये महरझियाला सगळं गाव ओळखायचं, पण तिचे डोळे एकाही फोटोत नव्हते. लग्नाच्या फोटोत मुख्तार छाती काढून उभा, आणि शेजारी जरीच्या पोशाखात नवरी गाढ झोपलेली. दिराच्या लग्नात झोपलेली, लेक यूस्रा जन्मली त्याच्या सातव्या दिवसाच्या जेवणाला झोपलेली, समुद्रावर कलिंगड कापताना तर सुरी हातात धरून झोपलेली. मुख्तारची आई होती तोवर पाहुण्यांना फोटो दाखवताना म्हणायची, "आमच्या मुख्तारला बायको मिळाली खरी, जागी करायची तेवढी राहिली."

एरवी ही बाई कधी डोळे मिटत असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. नारिंगं फुलली की ती पहाटेपासून फुलांचा अर्क काढायला बसायची. दुपारी गल्लीतल्या निम्म्या पोरींचे कपडे शिवायची आणि सुईवरची नजर न हलवता बाहेर कोण कुणाच्या घरी शिरलं हे सांगायची. पण समोर कॅमेरा आला, की बटण दाबायच्या आधी हललेला अंगठासुद्धा तिला ऐकू यायचा आणि पापण्या खाली यायच्या. कोपऱ्यावरच्या स्टुडिओतल्या स्लीमानकाकांनी तिला हसवून पाहिलं, दचकवून पाहिलं. एकदा तर ते "सासू आली!" म्हणून ओरडले. त्या वेळी तिने डोळे जरा जास्तच घट्ट मिटले.

यूस्राचं लग्न ठरलं आणि ती दूर स्फाक्सला जाणार हे नक्की झालं, तेव्हा तिने आईला धरूनच बसवलं.

"उम्मी, सोनं कमी घातलंस तरी चालेल. मला तुझा एक फोटो दे, माझ्याकडे बघत असलेला. परक्या गावात मला रडू आलं तर मी काय झोपलेल्या बाईला उठवत बसू?"

महरझिया खूप हसली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि कांदे चिरत बसली. त्या दिवशी स्वयंपाकाला कांदा लागणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती स्लीमानकाकांच्या दारात उभी राहिली. रंगीत फोटोंची नवी दुकानं निघाली तसा काकांनी आपला स्टुडिओ बंद केला होता. जिन्याखालची फोटो धुवायची अंधारी खोली मात्र त्यांनी मोडली नव्हती. जुन्या मैत्रिणीला भेटायला जावं तसे ते अधूनमधून तिथे जाऊन बसत.

"काका, शेवटचा एकदा प्रयत्न करा."

"माझ्याच्याने नाही व्हायचं, पोरी. तू मला हरवलंस." मग काका एकदम ताठ बसले. "पण डबा तुला पकडेल!"

"कसला डबा?"

"पत्र्याचा, रिकामा. पोटातून काळा करायचा, एका बाजूला सुईचं भोक पाडायचं. ना काच, ना बटण. अगं, कॅमेरा चोर असतो. पटकन हात घालतो, आणि तुझी मिटलेली पापणी नेमकी त्याच्या हाताला लागते. डबा आळशी. तीनदा कॉफी उतू येईपर्यंत तो नुसता बघत राहतो. मध्ये तू क्षणभर पापणी मिटलीस काय, उघडलीस काय, त्याला पत्ताही लागत नाही. मात्र तू हलायचं नाहीस."

"मी? हलायचं नाही?" महरझियाने दोन्ही हात उडवले. काकांनी त्या हातांकडे काळजीने पाहिलं.

मुख्तारने तळलेल्या पावाच्या दुकानातून भला मोठा डबा मागून आणला. महरझियाने तो साबणाने तीनदा घासला. आतून काळा करायला रंग शोधायची गरजच नव्हती. नवरीच्या हातापायांवर नक्षी काढायला लवंगेच्या वासाचं काळंभोर हर्कूस वाटून ठेवलेलं होतं. तिने त्यातलंच बोटाने आत फासलं.

"मुलीच्या आधी डब्याचं लग्न लावतेस का?" मुख्तार म्हणाला.

"डबा गप्प बसतो. नवरा म्हणून बरा आहे."

सरबताच्या कॅनचा तुकडा कापून त्याला सुईने भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि डब्याला पाडलेल्या खिडकीवर तो चिकटवला. भोकावर काळी पट्टी. काकांकडे फोटोच्या जुन्या कागदांतले दोनच चांगले निघाले. त्यांनी अंधाऱ्या खोलीत एक कागद आत बसवून झाकण लावून दिलं. गच्चीच्या कठड्यावर डबा, समोर खुर्ची, खुर्चीवर महरझिया. यूस्राने शेगडीवर कॉफी चढवली आणि पट्टी उचलली.

अर्धी कॉफीही उकळली नसेल, तोच शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या लतीफाची नजर डब्यावर गेली. आतून काळा झाला होता. बाहेरचं चित्र पुसायचं कुणाला सुचलंच नव्हतं. लालभडक मिरची, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: हरीसा.

"अगं बाई! लग्नघरात डब्यातला हरीसा? नाबेलमध्ये?"

जिथे घराघरावर मिरच्यांच्या माळा वाळतात, जिथे बाईची अब्रू तिच्या हरीसावरून, मिरचीच्या वाटणावरून ठरते, तिथे हे ऐकून कोण बसून राहील? महरझिया खुर्चीवरून उडालीच.

"जीभ आवर, लतीफा! माझ्या सात पिढ्यांनी डबा पाहिला नाही!"

"मग कठड्यावर काय तुझा जावई बसलाय?"

संध्याकाळी लाल दिव्याखाली काकांनी कागद धुतला. रिकामी खुर्ची आली होती, आणि तिच्यावर धुरासारखा एक उगारलेला हात.

"हात फार छान आलाय," काका म्हणाले.

आता एकच कागद उरला. लतीफाला सगळं कळलं तेव्हा तिने आपल्याच गालावर चापट मारून घेतली. "मी तिथे पहाऱ्याला बसते. खुद्द नवरदेव आला तरी जिना चढू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी महरझिया पुन्हा खुर्चीत बसली. पट्टी निघाली. गच्ची शांत, ऊन कोवळं, समुद्राचा वारा. आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच या बाईला काहीही करायचं नव्हतं. रात्र-रात्र जागून तिने मुलीचे कपडे शिवले होते. तिच्या पापण्या जड झाल्या. खाली आल्या, उघडल्या, पुन्हा खाली आल्या, आणि तिथेच रेंगाळल्या.

यूस्रा पुढे झाली आणि जागीच थबकली. हात लावायची सोय नव्हती. हाक मारावी तर आई "काय गं?" म्हणून उठणार.

लतीफा डब्यामागे बसली होती. तिने घसा साफ केला.

"यूस्रा, खरं सांगू का? तुझ्या आईच्या हरीसात लसूण कमी असतो."

पापण्या खाडकन वर गेल्या.

"शहाजिरंही जुनंच घालते. सगळी गल्ली म्हणते. तोंडावर कोण बोलणार?"

महरझियाच्या मानेची शीर ताठली, पण ती हलली नाही.

"आणि मागच्या ईदच्या बक्लावाच्या वड्या! आमच्या सासऱ्यांचा दात गेला, बिचारे अजून एका बाजूने चावतात."

यूस्रा एका हाताने स्वतःचं तोंड दाबून धरत होती. खुर्चीवरचे डोळे एवढे मोठे झाले होते, की लतीफा बसल्या जागी थोडी मागे सरकली. पण बोलायची थांबली नाही. पडदे, पाव, मुख्तारच्या सदऱ्याचे काज, एकेक काढत गेली. तिसरी कॉफी वर आली, यूस्राने पट्टी दाबली, आणि महरझिया लतीफाच्या मागे गच्चीभर धावली. शेवटी दोघीही कठड्याला टेकून धापा टाकत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या.

काकांनी आधी उलटा फोटो काढला, काळ्याचं पांढरं. मग त्यावरून, एका डागाळलेल्या जुन्या कागदावर, सुलटा. पाण्यात कागद हलत होता. आधी खुर्ची दिसली, मग ओढणी, आणि मग दोन डोळे. नुसते उघडे नव्हते, चांगले वटारलेले होते. काकांनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत त्यांना हे डोळे कागदावर कधी दिसले नव्हते.

"अगदी अशीच बघतेस तू, उम्मी," यूस्रा म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली. "आता मला स्फाक्समध्ये रडायची छातीच व्हायची नाही."

मुख्तार उशिरा आला. त्याने ओला फोटो उजेडात धरला आणि तोंडातली सिगरेट घाईने पाठीमागे लपवली.

"आता मी काय केलं?" त्याने विचारलं.