पांढऱ्या मातीचा पोतेरा

पेठच्या पुढे हमरस्ता सोडून आत गेलं की नानांचं घर लागतं. नाना म्हणजे मोठे लेखक. बायांनी शिकावं म्हणून जन्मभर लिहीत राहिले. ते गेले आणि घराचं स्मारक झालं. मी शाळामास्तर, तेव्हा दर वर्षी सातवीची मुलं तिथे हाकत नेतो.

घर दाखवायच्या प्रयागबाई. अकरा वर्षं झाडलोट त्यांचीच, राहणंही मागच्या खोलीत. "ही नानांची खुर्ची, हा कंदील," सगळं तोंडपाठ; माजघरात मात्र पाहुण्यांना नेत नसत. निघताना अभिप्रायाची वही पुढे करायच्या, "लिवा सर, चार वळी." मी आपलं 'प्रेरणादायी वास्तू' असं ठोकून द्यायचो. स्मारकाच्या समितीने आपल्याला कायम करावं, एवढा एकच ध्यास त्यांना. मागेपुढे कुणी नाही, खोली सुटली तर जायचं कुठे?

यंदा गेलो तर त्यांनी आधी हातावर पेढा ठेवला.

"समितीचं सायेब येनार व्हतं, म्हनून माजघराच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतेरा दिला. लई येळ बघत व्हतं. फोटू काढलं. आन् आता हे पत्र आलं. कायम केलं आसंल. वाचा की."

पाकिटाला हळदकुंकू लावलेलं होतं. मी ते फोडलं. माजघराच्या भिंतीवर नानांनी लहानपणी कोळशाने लिहिलेली पहिली कविता पुसून टाकल्याबद्दल कामावरून कमी. खोली आठ दिवसांत रिकामी करावी.

मी पत्र वाचून दाखवलं. प्रयागबाई फडताळाकडे वळल्या.

"मला वाटलं, काजळी हाय. वर एक कागूद डकवला व्हता, त्यो आदी काढला. फाटू दिला न्हाई."

त्यांनी फडताळातून त्या कागदाची घडी काढून दिली. 'या भिंतीला हात लावू नये.'

अकरा वर्षांत त्यांना कुणी अक्षर शिकवलं नव्हतं. समितीने नाही, आणि दर वर्षी खडूच्या हाताने त्यांचा चहा पिणाऱ्या मीही नाही. मला माझी शिसारी आली.

"वरची माती खरवडली तर? खाली आसंल ना?"

कोळसा ओल्या फडक्याबरोबर केव्हाच गेला असणार. त्या उलथनं घेऊन माजघरात गेल्या आणि भिंत खरवडू लागल्या.

"सर, हितंच थांबा. घावलं की वाचून दावा."