पुठ्ठ्याच्या तळाचे बूट

श्रीवर्धनच्या बूटवाल्याने मला फसवलं. नव्या रबराचा वास आला की अजून छातीत धडधडतं. मासळीचा लिलाव गाठायला मी ओहोटीत खाडी ओलांडत होतो, तोच भरती लागली. कालवांच्या धारदार खडकांवरून धावत सुटलो. भिजताच बुटाचा तळ सुटला, आत नुसता पुठ्ठा! घोटा मुरगळला, गुडघ्यात कळ गेली, मी कोसळलो. पडल्या पडल्या पाणी छातीला लागलं. आता संपलो, एवढंच सुचलं. काठावरून एक कोळीण ओरडली, "आरं, बूट फेक नि रांगत ये!" सोललेल्या हातांनी रांगतच आलो. जाब विचारायला गेलो, तर बूटवाला म्हणाला, "शेट, बूट चालायला दिले होते, पळायला न्हाय." गुडघा आजही धड वाकत नाही. मागून भरती आल्यावर माणसाने चालत यायचं का? त्याने उत्तर द्यावं!