आतोबांनी झाकून ठेवलेला आवाज

प्रसिद्धी मिळावी म्हणून माणसं काय वाटेल ते करतात. पण मिळालेली प्रसिद्धी अंगावरून पुसून टाकायला माझ्या आतोबांनी जेवढे कष्ट उपसले, तेवढे ती मिळवायलाही कुणी उपसले नसतील. गंमत अशी, की त्यांचा चेहरा कुणालाच ठाऊक नव्हता. प्रसिद्ध होता तो त्यांचा आवाज. मुंबईच्या रेडिओवर गावकऱ्यांसाठी एक कार्यक्रम लागे, त्यात ते एका खट म्हाताऱ्याचं काम करत. बाकीची पात्रं हमरीतुमरीवर आली, की हा म्हातारा घसा खाकरून म्हणे, "थांबा मंडळी, आधी माझं ऐका!" एवढ्या वाक्यावर ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे बसलेली अख्खी गावं हसायची. आतोबा तेव्हा चाळिशीतले, काटकुळे, नाकासमोर चालणारे गृहस्थ. आवाज मात्र जुन्या दाराच्या कडीसारखा, आणि तो काही रेडिओपुरता काढलेला नव्हता. घरात मीठ मागतानाही तोच. त्यामुळे तोंड उघडलं की पंचाईत. "कानावरचे जरा बारीक कर," एवढं म्हणाले, तर न्हाव्याने अर्धं डोकं तसंच सोडून शेजारचे चार दुकानदार बोलावून आणले. घसा सुजला म्हणून डॉक्टरकडे गेले, तर डॉक्टरने "आ करा" म्हणायच्या आधी "ते वाक्य म्हणा" म्हटलं.

हे सगळं आतोबांनी हसून सोसलं. मग त्यांचा धाकटा भाऊ गेला. स्मशानात चिता पेटल्यावर एक अनोळखी गृहस्थ जवळ आले, पाठीवर हात ठेवून चार शब्द बोलले आणि हळूच म्हणाले, "एकदा म्हणता का? घरी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही." आतोबांनी म्हटलं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं, कुणी मागितलं की द्यायचं तसं. घरी आल्यावर अंघोळही न करता ते अंगणातल्या दगडावर बसून राहिले आणि आत्याला म्हणाले, "भाऊ जळत होता गं, आणि मी ते म्हटलं." त्याच महिन्यात त्यांनी काम सोडलं आणि चौलला वडिलांच्या सुपारीच्या वाडीत राहायला आले.

तिथे त्यांनी उंबऱ्याबाहेर तोंडच उघडायचं नाही असं ठरवलं. आत्याने शेजारी सांगितलं, "ह्यांचा घसा बरा नाही, बोलायचं नाही." पुढचं काम गावाने केलं. थोड्याच दिवसांत आतोबा गावाचे 'मुके भाऊ' झाले. मी कॉलेजातून सुट्टीला त्यांच्याकडे जायचो. रेवसला लाँचमधून उतरून एस.टी.ने चौलला पोचलो, की आतोबा वाडीच्या बेड्याशी, म्हणजे बांबूच्या फाटकाशी, नुसता हात उंचावून उभे असत. मला घरात नेत, दार लावून घेत आणि मग कुजबुजत, "बोट लागली नाही ना रे?" बाजारात खुणा करताना त्यांची जी तारांबळ उडे, ती बघून मला हसू आवरत नसे. एकदा बोंबील पाहिजे होते म्हणून त्यांनी अशी काही बोटं वळवळवली, की कोळीण घाबरून म्हणाली, "वयनींला हाक मारा कुनीतरी, भाऊंना झटका आला!"

हीच कोळीण पुढे त्यांच्या ओटीवर येऊन बसू लागली. रेवदंड्याहून पाटी डोक्यावर घेऊन यायची, आत्याला मासळी दिली की आतोबांसमोर टेकायची आणि बोलत सुटायची. तिचा थोरला मुलगा बापाशी भांडून मुंबईला गोदीत कामाला गेला होता, तो घरी फिरकत नव्हता. "तू कुनाला सांगनार न्हायस म्हून सांगते," असं म्हणून ती सगळं सांगायची. तिच्यामागून पोस्टमन यायला लागला, देवळातले गुरव यायला लागले. कुणाला सांगता येत नाही ते सारं गाव आतोबांना सांगे. दार लावून घेतल्यावर ते मला म्हणत, "अरे, जन्मभर मी आपलं ऐकवत सुटलो. माणसं इतकं चांगलं बोलतात, हे मला माहीतच नव्हतं." इतकं सुखी मी त्यांना मुंबईत कधी पाहिलं नव्हतं.

पण एका सकाळी शेजारची म्हातारी झावळ्या गोळा करत वाडीत आली. तिला धड दिसत नव्हतं, आणि पावसाळ्यात विहिरीचा कठडा ढासळलेला. ती पाठमोरी, वाकून झावळी ओढत थेट विहिरीकडे सरकत होती. आम्ही ओटीवर, धावून पोचणं शक्य नव्हतं. मी नुसता उभा राहिलो. आतोबा ओरडले, "थांबा!"

म्हातारी जागच्या जागी थिजली. मी धावत जाऊन तिला धरलं, तर मिचमिच्या डोळ्यांनी ओटीकडे बघत ती म्हणाली, "आन 'आधी माझं ऐका' नाय बोललास?"

दुपारपर्यंत गावाला कळलं, आठवड्यात अलिबागपर्यंत. पुन्हा हारतुरे, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन. आतोबा पुन्हा मागितलं की द्यायला लागले; नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. ओटी माणसांनी भरलेली असे, पण जो तो ऐकायला आलेला. पोस्टमन पत्र देऊन उभ्या उभ्या जाई. कोळीण तर भडकलीच होती. बेड्यापाशी उभी राहून म्हणाली, "माजं घरचं सगलं तुला सांगितलं, आन तू रेडिओवाला!"

"चुकलं माझं, बाई," आतोबा म्हणाले. "पण तुझा एक शब्द मी कुठे बोललो नाही."

ती पाटी सावरत गेली आणि नंतर दुसऱ्या वाटेने जाऊ लागली. आतोबा सकाळी तिच्या वेळेला ओटीवर येऊन बसायचे आणि ऊन चढलं की आत जायचे. "मी ओरडलो नसतो तर म्हातारी गेली असती," ते एकदा म्हणाले. "त्याचं वाईट वाटत नाही रे. पण घर ओकंबोकं झालं."

शिमग्याच्या आधी मी पुन्हा गेलो होतो. सकाळचा चहा चालला होता आणि बेडं वाजलं. कोळीण आली, पाटी खाली ठेवली आणि जुन्या जागी ओटीच्या कडेला बसली. आतोबा गडबडीने उठले, काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"आज गप र्‍हा. पोरगा शिमग्याला पन येनार न्हाय. मना जरा रडायचं हाय."

आतोबा खाली बसले. मी माझा कप उचलून आत गेलो.