मागच्या बाकावरचा हात

अध्यापनकौशल्याचं प्रमाणपत्र हवं असेल तर शिक्षकांनी आपल्या कामाची फाईल आणि एका पाठाचा व्हिडिओ द्यायचा. माझ्या मते हा निव्वळ छळ आहे. तसं पत्रक छापून मी पेणला, रामवाडीतल्या रविवारच्या मार्गदर्शन वर्गात वाटतो. रोह्याहून येणाऱ्या एक बाईच ते शेवटपर्यंत वाचतात आणि माझं शुद्धलेखन पेन्सिलीने सुधारून परत देतात. बोलता बोलता थांबून "व्हय ना?" विचारतात, आणि उत्तराची खरोखर वाट बघतात.

फाईली द्यायच्या आधीच्या रविवारी त्यांनी आपला व्हिडिओ लावला. पाठ झकास रंगला होता. मग त्यांनीच तो मागे नेऊन दाखवला. मागच्या बाकावर कातकरवाडीतली एक मुलगी हात वर करत होती. तीनदा. तिन्ही वेळा बाईंनी पुढच्या पोरांना उठवलं होतं.

"अगो, तेवढं काप," शेजारची मैत्रीण कुजबुजली. "नापास करतील तुला."

"तिने हात वर केला हाय. तो कापू?"

"मग दुसरा पाठ घे. आम्ही काय केलं, व्हिडिओपुरती हुशार पोरंच पुढं बसवली."

बाई हसल्या. व्हिडिओ तसाच जोडला. फाईलमध्ये आत्मपरीक्षणाचा रकाना असतो. तिथे सगळे स्वतःचं कौतुकच लिहितात. बाईंनी लिहिलं, "या मुलीला उत्तर येत होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही." आणि खाली ठळक सही केली.