जीएम म्हणजे कोण

माझी बायको आमच्या करी रोडच्या घरातून चकल्या विकते. चकलीत काय काय आहे ते ती पाकिटावर लिहिते: भाजणी, तीळ, मीठ, सरकीचं तेल. गेल्या दिवाळीआधी एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, की सरकी म्हणजे कापसाचं बी, आणि आपल्याकडचा बहुतेक कापूस जनुकीय बदल केलेला. मग हे तेलही त्यातलंच का? तिने तेलाचा डबा सगळीकडून फिरवून पाहिला. त्यावर तसं काहीच छापलेलं नव्हतं. दुकानदारालाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवसापासून पाकिटावर एक ओळ वाढली: 'सरकी जनुकीय बदल केलेली आहे का, माहीत नाही.' मी जमाखर्च बघणारा माणूस. म्हटलं, ऐन हंगामात गिऱ्हाइकं बिचकतील, आणि दुसरं तेल परवडणार नाही.

"मग काय, माहीत आहे असं लिहू?" ती म्हणाली.

काही ऑर्डरी गेल्याच. जनुकीय बदल केलेल्याला इंग्रजीत थोडक्यात 'जीएम' म्हणतात. तिने खासदारांना पत्रात तेवढंच लिहिलं, की 'जीएम' अन्नाच्या डब्यावर तसं छापायची सक्ती व्हावी, आपण संसदेत पाठिंबा द्या. उत्तर आलं: आपली तक्रार रेल्वेच्या जीएमकडे पाठवली आहे, स्टेशनवरच्या खाद्यपदार्थांची तपासणी होईल.

आमच्या भागातून त्या कार्यालयात सतत स्टेशनच्या तक्रारी जातात. तिथे जीएम म्हणजे जनरल मॅनेजरच. मला हसू आवरेना. ती मात्र खासदारांच्या भेटीच्या दिवशी जाऊन रांगेत बसली. मीही गेलो. आत गेल्यावर तिने घोळ सांगितला, तसा ते उत्तर धाडणारा सहायक ओशाळला. ती त्याच्यावर चिडली नाही. खासदारांनाच म्हणाली, "साहेब, तुमच्या ऑफिसात जीएम कळलं नाही, ते दुकानात कुणाला कळणार? डब्यावर नुसती अक्षरं नकोत. मराठीत, पूर्ण लिहायला लावा."

"वहिनी, एव्हाना स्टेशनवरचे वडे तपासून झाले असतील," खासदार हसत म्हणाले. मग त्यांनी तिचं पत्र मागवलं, तिचं म्हणणं स्वतःच्या हाताने त्यावर लिहून घेतलं आणि अधिवेशनात प्रश्न विचारायचं कबूल केलं.

प्रश्न अजून विचारला गेलेला नाही. गेलेली गिऱ्हाइकंही सगळी परतलेली नाहीत. माझं अक्षर बरं म्हणून यंदा पाकिटांवर मी लिहितोय. ती 'माहीत नाही'ची ओळही बाकीच्या ओळींएवढ्याच अक्षरात.